हात वाचवा, पैलवान

तालमीत घाम गाळणारी पोरं, त्यांचे वस्ताद आणि घरी खुराकाचा खर्च जुळवता जुळवता मेटाकुटीला आलेले आईवडील, या तिघांसाठी हे लिहितो आहे. मातीत आणि मॅटवर तयार झालेली आपली काही पोरं आता ब्राझिलियन जिऊ-जित्सू, ग्रॅपलिंग, एमएमए असल्या खेळांकडे वळत आहेत. वळू देत. त्यांच्याकडे मान आहे, कंबर आहे, पट काढायची चपळाई आहे. समोरच्याला खाली पाडायला त्यांना कुणी नव्याने शिकवावं लागत नाही. पण पाडल्यावर पुढच्या मिनिटभरात त्यांचा हात अडकतो, आणि हात अडकण्याची हमखास जागा म्हणजे हाफ गार्ड. ही जागा ओळखा आणि तिथे हात कसा राखायचा ते आधी शिका. जिंकायचं कसं ते त्यानंतर.

हाफ गार्ड म्हणजे काय, ते ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक गडी खाली पाठीवर किंवा कुशीवर, दुसरा त्याच्या छातीवर. वरच्याचा एक पाय खालच्याने आपल्या दोन पायांत पकडून ठेवलेला. आपल्या नजरेने बघितलं तर खालचा संपल्यात जमा आहे, आता फक्त दोन्ही खांदे टेकवायचे बाकी. तिथेच आपली फसगत होते. या खेळात पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. उलट कित्येक खेळाडू मुद्दाम पाठीवर जाऊन तिथून काम सुरू करतात. रॉबेर्तो कोरेआ नावाचा ब्राझीलचा खेळाडू गुडघा दुखावल्यामुळे या स्थितीत अडकून राहायचा. राहता राहता त्याने तिथूनच हल्ले बसवले, आणि तोवर नुसती वेळ काढायची जागा मानला गेलेला हाफ गार्ड हे एक हत्यार झालं.

आपल्या पैलवानाच्या अंगात याच्या उलट सवयी मुरलेल्या असतात. पाठ लागू द्यायची नाही म्हणून पडता पडता तो हात मातीवर टेकतो. वर असला की तोल सांभाळायला पंजा जमिनीवर रोवतो. खाली सापडला की दोन्ही हात ताठ करून समोरच्याची छाती ढकलतो. कुस्तीत यातलं काहीच चूक नाही, कारण तिथे हात पिळून कुणी हार कबूल करून घेत नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमांत हात नव्वद अंशांच्या पुढे पिळायला मनाईच आहे. पंच मध्ये पडून सोडवतो. वर्षानुवर्षं पंचाच्या भरवशावर मोकळा राहिलेला हात अचानक अशा खेळात येतो, जिथे तो पिळणं हाच डाव आहे.

हा डाव कसा लागतो ते बारकाईने बघा. तुम्ही वर आहात. तुमचा पाय अडकलेला आहे आणि तो सोडवायच्या नादात तुम्ही एक पंजा त्याच्या कुशीजवळ टेकवला आहे. तो खालून तुमचं मनगट धरतो. एवढ्याने काही दुखत नाही, म्हणून तुमचं तिकडे लक्षही जात नाही. मग तो किंचित उठतो, दुसरा हात तुमच्या दंडावरून घालून खालून काढतो आणि स्वतःचंच मनगट पकडतो. त्याच्या दोन हातांची गुंफण आता तुमच्या एका हाताभोवती बसली. तो कुशीवर वळतो, तुमचं कोपर आपल्या छातीशी आवळतो आणि तुमचा पंजा तुमच्याच पाठीमागे वर वर न्यायला लागतो. ताकद एकट्या हाताची राहत नाही, त्याच्या सगळ्या धडाची लागते, आणि ती सोसायची तुमच्या एका खांद्याने. एरवी तुम्ही त्या पिळाबरोबर कोलांटी मारून सुटला असता, पण पाय अडकलेला आहे. धड जागेवर, हात चाललेला.

या पिळाला जगभर किमुरा म्हणतात. मासाहिको किमुरा हा जपानचा मोठा जुदोपटू. 23 ऑक्टोबर 1951 रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना स्टेडियमवर त्याची लढत ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या जनकांपैकी एक असलेल्या हेलिओ ग्रासीशी झाली. किमुराने हाच पिळ लावला. हेलिओचा हात मोडला तरी तो हार मानेना. शेवटी त्याचा भाऊ कार्लोस याने टॉवेल टाकून लढत थांबवली. पुढे ब्राझीलच्या लोकांनी त्या डावाला जिंकणाऱ्याचंच नाव दिलं.

दुसरी हकीकत आपल्याला जास्त जवळची आहे. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले, रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. 1912 साली ते खुलं झालं तेव्हा तिथे पंजाबच्या इमामबक्षची गुलाम मोहिद्दीनशी कुस्ती झाली. इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. त्याच इमामबक्षचा मुलगा अक्रम पहिलवान 12 डिसेंबर 1976 रोजी कराचीत जपानच्या अंतोनियो इनोकीसमोर उभा राहिला. काही महिन्यांपूर्वीच इनोकी टोकियोत मुहम्मद अलीशी लढला होता. कराचीत त्याने अक्रमचा हात अडकवला आणि पिळला. अक्रमने हार कबूल केली नाही. घराण्याचं नाव, समोर बसलेला गाव, गामाचा वारसा, हे सगळं त्या एका हातावर तोललेलं होतं. हात गेला आणि कुस्तीही गेली. खासबागेच्या आठवणी सांगताना ही गोष्टसुद्धा पोरांना सांगायला हवी. त्या माणसाच्या धैर्याविषयी मला आदर आहे. पण आपल्या पोरांनी त्याच्यासारखं करावं असं मला मुळीच वाटत नाही.

आता बचाव. सगळ्यात मोठा बचाव डाव लागण्याआधीचा. हाफ गार्डमध्ये वर असताना पंजा जमिनीवर टेकायचा नाही, ही एकच सवय आधी मोडा. तोल हवा असेल तर डोकं आणि गुडघा वापरा, कंबर खाली घाला. एक हात त्याच्या मानेखालून घालून तुमचा खांदा त्याच्या जबड्यावर दाबा, म्हणजे त्याचं तोंड तुमच्यापासून पलीकडे वळेल. दुसरा हात त्याच्या काखेखालून आत घाला आणि कोपर आपल्या बरगडीपासून सुटू देऊ नका. कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये फट पडली की हात गेलाच समजा.

मनगट धरलं गेलं, पण त्याचा दुसरा हात अजून गुंफलेला नाही, अशी एक छोटी वेळ मिळते. तेव्हा मनगट फिरवून त्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात त्या बाजूने काढून घ्या. पकड तिथेच कच्ची असते. नुसतं जोराने मागे ओढू नका. ओढलं की कोपर अंगापासून लांब जातं, आणि त्याला तेच हवं असतं.

गुंफण बसलीच, तर पंजा लपवा. आपल्या मांडीच्या आतल्या बाजूला तो घट्ट अडकवा, किंवा दुसऱ्या हातात धरा. किमोनो घालून खेळत असाल तर स्वतःचा पट्टा पकडता येतो. किमोनोशिवायच्या स्पर्धेत कपडा धरण्यावर बंधनं असतात, म्हणून मांडीचीच सवय ठेवावी. लंगोटावर वाढलेल्या पोराला ते जड जाऊ नये. हात ताठ करून सुटायचा मोह होईल. कधी कधी सुटतोही, पण ताठ झालेलं कोपर समोरच्याला आयतंच मिळतं आणि खांद्याऐवजी कोपर जातं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पंजा लपवला म्हणजे फक्त वेळ मिळाली. त्या वेळात करायचं काम मात्र आपल्या पैलवानाला लहानपणापासून येतं. खालून हा पिळ लावणाऱ्याला कुशीवर वळावंच लागतं. पाठ सपाट जमिनीला लागलेली असेल तर त्याच्या पिळात जोर राहत नाही. मग त्याला वळू देऊ नका, चीत ठेवा. मानेखालचा हात आवळा, छातीचा भार त्याच्या छातीवर टाका आणि त्याचे दोन्ही खांदे जमिनीला लावून धरा. कुस्तीत एवढ्यावर निकाल लागतो. इथे निकाल लागणार नाही, पण हात वाचेल. तो सपाट राहिला की गुडघा हळूहळू बाहेर सरकवून पाय सोडवा. पाय सुटण्याआधी त्याच्यावरून उडी मारायची नाही. त्या घाईत खांदा निखळतो.

खाली असताना काय करायचं, हेही माहीत हवं, कारण रोज आपणच वर असू असं नाही. खाली सापडलात तर सपाट पडून राहू नका, कुशीवर व्हा. वरच्या बाजूचा गुडघा त्याच्या छातीला आडवा लावा. हात ताठ करून ढकलू नका. कोपर आपल्या गुडघ्याजवळ आणि पंजे हनुवटीजवळ ठेवा. वरचा गडी तुमचा एखादा हात डोक्याशेजारी जमिनीवर दाबून वाकवायला बघेल. त्याला अमेरिकाना म्हणतात; किमुराचा पिळ खालच्या दिशेने जातो, हा वरच्या दिशेने. मनगट जमिनीला टेकण्याआधी दोन्ही हात एकमेकांत अडकवा आणि त्याच हाताच्या बाजूला अंग वळवा. एकदा मनगट टेकलं आणि वर त्याचं वजन आलं की सुटायला फार थोडी जागा उरते.

आणि जागा उरली नाही, तर थाप मारून हार कबूल करा. मोकळ्या पंजाने समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर, त्याला कळेल आणि पंचाला दिसेल अशी, दोन-तीनदा. हात मोकळा नसेल तर पाय आपटा. तेही जमत नसेल तर तोंडाने ओरडून सांगा. नियमांत तीही हार धरली जाते.

मला सगळ्यात जास्त काळजी या थापेचीच वाटते. कोल्हापूरच्या पोराला ती मारवत नाही. मैदानात हलगी कडाडत असताना, गाव बघत असताना, शेवटपर्यंत झुंजायचं हे त्याच्या रक्तात आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पाठ लागू नये म्हणून झुंजणं वेगळं आणि सांधा तुटेपर्यंत थांबणं वेगळं. पाठ लागली तर पुढच्या जत्रेला पुन्हा लंगोट चढवता येतो. खांद्याची कड फाटली किंवा कोपराचं बंधन तुटलं तर शस्त्रक्रिया, महिनोन् महिने व्यायाम, आणि तरीही आधीसारखा हात होईलच याची खात्री नाही. खांद्याच्या पिळाची आणखी एक वाईट खोड आहे: फार दुखायला लागेपर्यंत पुष्कळदा इजा होऊन गेलेली असते. म्हणून दुखायची वाट बघू नका. पंजा पाठीमागे कमरेच्या वर गेला आणि अंग वळवायला वाव राहिला नाही, की थाप.

हे परक्या देशाचे लाड करणं आहे, असं काही जाणती मंडळी म्हणतात. त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते ती आपल्याच मल्लविद्येची. तिचे हनुमंती, जांबुवंती, जरासंधी आणि भीमसेनी असे चार प्रकार सांगतात. त्यातल्या जांबुवंतीत सांधे अडकवून समोरच्याला हार कबूल करायला लावणं हेच मुख्य. हार कबूल करायला लावणारी विद्या आपल्याकडे होती, म्हणजे हार कबूल करण्याची रीतही होतीच. आणि बाहेरचं शिकण्यात कमीपणा मानणारं गाव कोल्हापूर नव्हे. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, सहावे आले. तिथल्या मॅटशी आणि नियमांशी जुळवून घेत पुढची चार वर्षं त्यांनी तयारी केली आणि 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. त्या वेळी त्यांच्या गटात सुवर्ण मिळवणारा जपानचा शोहाची इशी हा मुळात जुदोतून आलेला होता. त्यालाही नवे नियम शिकावेच लागले होते.

वस्तादांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या तालमीतलं पोर या खेळात उतरणार असेल तर त्याला अडवू नका, पण बचाव न शिकवता सोडूही नका. आठवड्यातून दोन दिवस लढतीऐवजी हाफ गार्डपासूनच सुरुवात करायला लावा. वरच्याने पाय सोडवायचा, खालच्याने फक्त मनगट धरायचं, पिळायचं नाही. तीन मिनिटांनी जागा बदला. हे अंगवळणी पडलं की गुंफण बसवू द्या, पण पिळणाऱ्याने मनात सावकाश पाच मोजून हात न्यायचा, आणि थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं. थापेनंतरही जोर लावणारा गडी कितीही गुणी असला तरी त्याला त्या दिवशी हौद्याबाहेर बसवा. थाप मारणाऱ्याला मात्र कुणी हिणवणार नाही, हे तुमच्याच तोंडून तालमीत एकदा ठणकावून सांगा. तुमचा शब्द पोरं मोडत नाहीत.

फोनवर डाव बघून सरावाला येणारी लहान पोरं हा वेगळाच घोर आहे. त्यांची हाडं वाढीला लागलेली असतात, सांध्याजवळची वाढीची जागा नाजूक असते. जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय त्यांनी एकमेकांवर सांध्याचे डाव लावू नयेत. आईवडिलांनी एवढं विचारायलाच हवं की शिकवणारा कोण आहे, तो स्वतः कुठे शिकला, आणि सरावाच्या वेळी तो समोर उभा असतो का.

सगळं सांभाळूनही कधी इजा होतेच. खांद्याचा आकार बदललेला दिसला, कोपर सरळ होईना, किंवा बोटं बधिर आणि गार पडली, तर हात आहे त्याच स्थितीत टॉवेलने किंवा पंच्याने गळ्यात बांधा आणि थेट सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. तालमीत कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, ओढून बसवायला जाऊ नये. ओढताना शीर किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते, आणि हाड मोडलेलं असेल तर मोड वाढतो. किरकोळ मुरगळ वाटली तरी पहिले दोन दिवस गरम तेलाने चोळू नका. कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, हाताला विश्रांती द्या आणि सूज उतरत नसेल तर एक्स-रे काढून घ्या. जोर मारायला लागणं म्हणजे बरं होणं नव्हे. दोन्ही हात सारखेच वर जातात का, मागे सारखेच वळतात का, दुखऱ्या हातात दुसऱ्याइतकी ताकद आली का, हे डॉक्टरांनी बघून हो म्हटल्यावरच पुन्हा पकडीला जा.

मैदानं भरवणाऱ्या मंडळींनाही एक सांगणं आहे. उद्या ग्रॅपलिंगच्या लढती ठेवल्यात तर हलगी सुरू व्हायच्या आधी लाऊडस्पीकरवरून लोकांना सांगा की थाप मारली म्हणजे लढत संपली, आणि त्यावर कुणी ओरडाआरडा करायचा नाही. पंच असा नेमा ज्याला हा पिळ ओळखता येतो आणि पोर हट्टाला पेटलं तर जो स्वतः मध्ये पडून लढत थांबवेल. तसा पंच मिळत नसेल तर त्या दिवशी फक्त कुस्त्याच लावा.